विम्याच्या दवाखान्यातली लिंबं

माझा दवाखाना गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि पाळी सुटली की माझ्या बाकावर बसायला जागा उरायची नाही. सत्तरच्या दशकातलं सोलापूर ते. ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी गिरणीत, नाहीतर मागावर. माझ्याकडे येणारे बहुतेक गिरणीतले, कारण मी कामगार विम्याच्या पॅनेलवरची डॉक्टर होते.

हे पॅनेल प्रकरण आता फारसं कुणाला ठाऊक नसेल. कामगाराच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जायचा, मालकही आपला वाटा भरायचा आणि त्याच्या बदल्यात कामगाराला औषधपाणी मिळायचं. आजारी पडला तर डॉक्टरच्या दाखल्यावर रजेच्या दिवसांचा भत्ता मिळायचा, बायकांना बाळंतपणाचाही. औषध द्यायला सरकारने गावातलेच खाजगी डॉक्टर नेमले होते. कामगाराने आपल्या वस्तीतला एक डॉक्टर निवडायचा, की त्याचं नाव त्या डॉक्टरच्या यादीत चढायचं आणि यादीतल्या माणशी डॉक्टरला सरकारकडून ठरलेला मोबदला यायचा. पेशंटकडून मात्र काही घ्यायचं नाही.

बाकीचे नियमही पुष्कळ होते. बसायला बाक हवा, प्यायला पाणी हवं, तपासायच्या जागेला आडोसा हवा, दारावर वेळेची पाटी हवी आणि पाटीवरच्या वेळेला डॉक्टर खुर्चीत हवा. वर्षातून एकदा इन्स्पेक्शन यायचं. एक इन्स्पेक्टर तर आल्या आल्या माठाचं झाकण उचलून आत डोकवायचे, पाणी शिळं आहे का ते बघायला. आडोशाच्या पडद्यासाठी मी नवी पेठेतून चांगलं जाड हिरवं कापड आणलं होतं, तर तो पडदा शेवटचा कधी धुतला ते त्यांनी विचारलं. मला असल्या चौकशांचा राग यायचा, पण मनातून पटायचंही. गिरणीतली बाई विम्यावर येते म्हणून तिला उघड्यावर तपासायचं, हे मलाही चाललं नसतं.

आणि खरं सांगायचं तर माझं घर त्या यादीवरच चाललं होतं. शिकून गावी परत आले तेव्हा वडील नुकतेच गेले होते. घरात आई आणि मी. माझं लग्न व्हायचं होतं आणि पुढेही ते झालं नाही, त्याचं मला फारसं वाटलं नाही, आईला वाटलं. गावात बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणापुरती, ताप-खोकल्याला पुरुष डॉक्टरच हवा, अशी पैसेवाल्या लोकांची समजूत. तेव्हा माझ्याकडे चालून कोण येणार? पॅनेलवर नाव लागलं आणि वाइंडिंग खात्यातल्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावरच्या बायकांनी धडाधड माझं नाव निवडलं. त्यांच्यामागून त्यांचे नवरे आले, भाऊ आले. दवाखाना उभा राहिला तो त्या बायकांमुळे.

सुरुवातीच्याच दिवसांत त्यांतली एक उंच, किडकिडीत तेलुगू बाई आली. सुताची धूळ छातीत बसून तिला सतत खोकला असायचा. तिने टेबलावर आपली औषधाची रिकामी बाटली ठेवली आणि बाटलीशेजारी एक लिंबू ठेवलं. मला वाटलं, खोकल्यावर लिंबू चालेल का विचारतेय. मी म्हटलं, आंबट खाऊ नका. ती हसली. मग कळलं की लिंबू माझ्यासाठी होतं. मी ते तिला परत द्यायला गेले तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

माझा दखनी बोलणारा कंपाउंडर तिच्याच वस्तीत वाढलेला, पन्नाशीचा माणूस. औषध ढवळता ढवळता तो म्हणाला, "रहने देव बाई, उनो वापस नै लेते."

मी सोलापूरचीच, पण वडील शाळामास्तर, आमच्या घरात ही रीत नव्हती. विणकरांच्या घरात मोठ्या माणसाच्या भेटीला रिकाम्या हाताने जायचं नाही, हातात निदान एक लिंबू तरी न्यायचं. गुरूकडे गेलं तरी लिंबू, पंचाकडे गेलं तरी लिंबू. शेजारी राहून राहून ते कानडी बोलणाऱ्या घरांतही शिरलं होतं. त्यात डॉक्टरची भानगड आणखी वेगळी. वैद्याकडून काही न देता घेतलेलं औषध अंगी लागत नाही, हे त्या लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. मी त्या बाईला समजावलं की तुमच्या पगारातून हप्ता कापला जातो, म्हणजे हे औषध फुकट नाहीच. तिने सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा लिंबू आणलं.

मग मी पाटी लावली. कोणीही कोणतीही वस्तू आणू नये. ज्या माणसाने ती पाटी बाकावरच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली, त्यानेही आपली पाळी आल्यावर खिशातून लिंबू काढलं. शेवटी मीच हात टेकले. टेबलाच्या कडेला एक परात ठेवली आणि लिंबं परातीत पडू लागली. थोडी कंपाउंडर न्यायचा, थोडी शेजारीपाजारी जायची, उरलेली पिशवीतून आमच्या घरी. आईला तर हर्ष झाला. तिने लोणच्याचा सपाटाच लावला. गोड लोणचं, तिखट लोणचं, उपासाचं लोणचं. स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्यांना जागा पुरेना, तेव्हा तिने माझी जाडजूड पुस्तकं खाली उतरवली.

असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस जॉबर आला. जॉबर म्हणजे माग खात्यातला मुकादम. गिरणीत त्याचा दरारा होता. अक्कलकोटकडचा, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारा, भरघोस मिशांचा धट्टाकट्टा माणूस. तोही माझ्याच यादीत होता. लिंबू परातीत टाकून तो ऐसपैस बसला आणि आठवडाभराचा आजारपणाचा दाखला हवा म्हणाला. मी जीभ पाहिली, नाडी पाहिली, छाती ऐकली. बैलगाडी एकट्याने ओढली असती अशी तब्येत. खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगून टाकलं की मेव्हण्याचं लग्न आहे आणि गिरणी रजा देत नाही.

खोटा दाखला मी कुणालाच देत नसे, पण नाही म्हणायची एक पद्धत असते, ती माझ्याकडे नाही. मी भरल्या दवाखान्यात म्हटलं, "तुम्हाला काही झालेलं नाही. लग्न झालंय, तेही मेव्हण्याचं."

बाक हसला. ज्याच्यापुढे खात्यात कुणी वर मान करत नसे, त्याला बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. लिंबू परातीतच राहिलं.

पुढे काही दिवसांनी विम्याच्या ऑफिसकडून जाड लिफाफा आला. माझ्याविरुद्ध तक्रार होती. डॉक्टर विमेदार कामगारांकडून वस्तूच्या रूपाने फी घेतात, रोज पिशवी भरून घरी नेतात आणि वस्तू आणली नाही तर औषध नीट देत नाहीत. खाली जॉबरची लफ्फेदार सही. निनावी तक्रार केली नाही, एवढंच त्याचं कौतुक. पेशंटकडून कोणत्याही स्वरूपात मोबदला घेण्यास मनाई आहे, तो नियमही खाली उतरवला होता. चौकशीला हजर राहावं, आरोप सिद्ध झाल्यास पॅनेलवरून नाव कमी करण्यात येईल.

माझं धाबं दणाणलं. औषध नीट देत नाही हे साफ खोटं होतं, पण बाकीचं? वस्तू घेत होते, पिशवी घरी जात होती. कुणी शपथेवर विचारलं तर मी काय सांगणार होते? नाव कमी झालं की यादी गेली. यादी गेली की दवाखान्याचं भाडं निघणार नाही. मग पाटी उतरवायची आणि कुठल्यातरी आडगावच्या सरकारी दवाखान्यात नोकरी शोधायची, आईला एकटीला मागे ठेवून. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आईने पत्र वाचून घेतलं. सकाळी उठून पाहते तर फळीवरच्या बरण्या गायब. तिने सगळ्या पलंगाखाली ढकलल्या होत्या आणि वर चादर सोडली होती. तिच्या मते आता घराची झडती होणार होती.

दवाखान्यातली परात मी उचलली. येणाऱ्याला दारातच सांगायचे, लिंबू परत न्या. माणसं बिचकायची. काय झालंय ते कंपाउंडरने दोघांना सांगितलं आणि दोघांकडून पुढच्या पाळीला सगळ्या गिरणीला कळलं.

चौकशी भर मे महिन्यात निघाली. विम्याचं ऑफिस सात रस्त्याजवळ एका इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. मी आणि कंपाउंडर टांग्याने गेलो. ऊन असं की टांगेवाल्याने घोड्याच्या डोक्यावर ओलं फडकं टाकलेलं. जिन्यापाशी पोचते तर पायऱ्यांवर वाइंडिंग खात्यातल्या बायका बसलेल्या. खोकल्याची ती उंच बाई सगळ्यांत पुढे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाळी सुटल्यावर घरी न जाता तशाच आल्या होत्या, केसांत अजून सुताचे तंतू. बाईंच्या बाजूने सांगायला आलोय म्हणाल्या.

मला भरून आलं आणि त्याच क्षणी माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. सगळ्यांच्या मुठी मिटलेल्या होत्या. उन्हाळ्यात लिंबू केवढं महाग, तरी प्रत्येकीने आणलं होतं. मोठ्या साहेबाकडे जायचं ना! मी हात जोडून सांगितलं की बायांनो, माझ्यावर दया करा, एकही लिंबू आत नेऊ नका, ह्याच लिंबांपायी माझं नाव चाललंय. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मी जिना चढले तेव्हा मुठी तशाच मिटलेल्या होत्या.

चौकशीला आलेले साहेब पुण्याकडचे होते. शिडशिडीत, चष्मेवाले, घामाने हैराण झालेले. आमच्या उन्हाची त्यांना सवय नव्हती. टेबलावरचा पंखा त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला होता आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर दौत ठेवली होती. माणूस सरळ होता. त्यांनी आडून आडून काही विचारलं नाही. तुम्ही पेशंटकडून वस्तू घेता का? मी म्हटलं, लिंबं घेते. किती? आणतील तितकी. त्यांचं काय करता? मी खरं ते सांगितलं, की आई लोणचं घालते.

त्यांनी ते लिहून घेतलं. सरकारी कागदावर 'लोणचं' हा शब्द उमटताना मी पाहिला आणि आता आपलं काही खरं नाही असं मला वाटलं. मी रीत समजावून सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. रीत असेलही, ते म्हणाले, पण नियमात कोणत्याही स्वरूपात असं लिहिलेलं आहे. आज लिंबू, उद्या कोंबडी, परवा चादरीची जोडी, मग आम्ही रेघ कुठे ओढायची? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मग तक्रारदाराला आत बोलावलं.

जॉबर पांढरं स्वच्छ धोतर नेसून, कोट घालून, टोपी नीट बसवून आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. टेबलापाशी येऊन त्याने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली, आतलं पिवळंधमक लिंबू साहेबांच्या समोर कागदांवर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

कंपाउंडरला ठसका लागला. साहेब लिंबाकडे पाहत राहिले. ते जिकडून आले होते तिकडे लिंबू दारावर टांगतात, नाहीतर कुणावर करणी करायला वापरतात. त्यांनी पेनच्या टोकाने ते जरा बाजूला सारलं.

"हे काय आहे?"

"लिंबू हाय साहेब."

"ते दिसतंय. मला कशासाठी?"

"मोट्या मान्साकडं रिकाम्या हातानं येत न्हाईत की," जॉबर म्हणाला. असलं साधं कसं ठाऊक नाही, असा त्याचा चेहरा.

साहेबांनी तक्रारीचा कागद उचलला, एकदा वाचला, परत लिंबाकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही मला लाच देताय असं समजू का?"

"आवो साहेब, लिंबाची कसली लाच?"

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. मिशांखाली त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने लिंबाकडे हात नेला, परत घेतला. एवढा दांडगा माणूस, कान लाल झाले. त्याने लबाडी केली नव्हती, ढोंगही केलं नव्हतं. सकाळी आवरून निघताना, टोपी जशी डोक्यावर गेली तसं लिंबू खिशात गेलं होतं. आपण ज्याची तक्रार केली ती हीच गोष्ट, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

मग तक्रार का केलीत, असं साहेबांनी विचारलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. "राग आला व्हता साहेब," एवढंच म्हणाला. औषधाचं विचारलं तर म्हणाला, औषध बाई चांगलंच देतात, त्यात खोट न्हाय.

त्यानंतर बायकांना आत घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं, पण त्या थांबल्या कुठे. शिपायाने दार उघडलं मात्र, सगळ्या एकदम आत. माझं सांगणं त्यांनी कानाआड केलं होतं. एकेक पुढे यायची, लिंबू ठेवायची, नमस्कार करायची आणि आमच्या बाई कुणाकडे काही मागत नाहीत असं सांगायची. टेबलावर लिंबंच लिंबं. दौत सरकली, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडायला लागले, साहेब दौत पकडायला गेले तर लिंबं घरंगळली. शिपाई टेबलाखाली रांगत ती गोळा करतोय आणि साहेब पाय वर घेऊन बसलेत. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेही हसले.

चारच्या सुमाराला शिपाई सगळ्यांना सरबत घेऊन आला. साखर ऑफिसची, बाकी काय ते उघड होतं. साहेब पहिल्यांदा नको म्हणाले. मग पेला हातात घेतला, जरासा विचार केला आणि एका दमात संपवला.

निकालाचं पत्र यायला बराच वेळ लागला. तोवर माझा जीव टांगणीला. साहेब हसले खरे, पण हसणं कागदावर उतरत नाही. शेवटी एका दुपारी पोस्टमनने लिफाफा आणून दिला, तो मी कंपाउंडरलाच फोडायला लावला. चौकशीत आढळलेल्या वस्तू फीच्या स्वरूपाच्या नसून स्थानिक रिवाजाच्या आहेत. तक्रार निकालात काढण्यात येत आहे. डॉक्टरांचं नाव पॅनेलवर कायम. मात्र यापुढे दवाखान्याच्या जागेत अशी कोणतीही वस्तू स्वीकारली जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

मी तपासायच्या टेबलावर बसले आणि हिरव्या पडद्याआड मनसोक्त रडले. घरी गेले तर आईने बरण्या बाहेर काढून पुसायला घेतल्या होत्या. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. दोघी जेवायला बसलो तेव्हा तिने माझ्या पानात लोणच्याची मोठी फोड वाढली.

पण एकदा पोळलेली मी, पत्रातलं शेवटचं वाक्य घोकत बसले. दवाखान्याच्या जागेत काही नको म्हणजे नको. कुणी लिंबू काढलं की माझा आवाज चढायचा. बायका घाबरून लिंबू परत कनवटीला लावायच्या. त्या येत होत्या, यादीतलं एकही नाव कमी झालं नव्हतं, पण दवाखान्यात पूर्वीसारखी बोलाचाली होईना. बाटली भरून घ्यायच्या आणि खाली मान घालून जायच्या. ती खोकल्याची बाई दोनदा तीच बाटली घेऊन आली. औषध तेच, प्रमाण तेच, पण आता लागू पडत नाही म्हणाली. मी चिडले आणि तिला म्हटलं की औषधाला लिंबू कळत नाही. तिने मान डोलावली. माझं नाव वाचलं होतं, दवाखाना वाचला होता, मग मला हलकं का वाटत नव्हतं, ते मलाच उमगेना.

आणि एक दिवस जॉबर आला. त्याने दुसरा डॉक्टर मागून घेतला असेल, असं मी धरून चालले होते. तशी सोय होती. त्याने ती घेतली नव्हती. ह्या वेळी खरोखरच आजारी होता. गाल बसलेले, डोळे ओढलेले, अंग तापाने फणफणलेलं. बाकावरच्यांनी आपणहून त्याला पुढे जाऊ दिलं. मी सगळं नीट तपासलं. विषमज्वर असावा असं वाटलं. त्याला खाण्यापिण्याचं पथ्य सांगितलं, मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला चिठ्ठी दिली आणि आजारपणाचा दाखला लिहिला. दाखला हातात घेताना तो कसनुसा हसला. मीही हसले. ते लग्न दोघांनाही आठवलं असणार.

कंपाउंडरने औषधाची बाटली दिली. जॉबरने ती घेतली, पण उठेना. बाटली गुडघ्यावर धरून बसून राहिला. आणखी काही होतंय का विचारलं, तर नाही. मग खाली बघत म्हणाला, "बाई, मी लिंबू आनलं न्हाय."

"बरं केलंत."

"व्हय. माझ्यामुळंच बंद झालं ते." त्याला धाप लागत होती. "पन मग हे औषध मला कसं लागू पडंल?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. ज्याच्या सहीने माझी झोप उडवली होती, तोच माणूस आता मला हे विचारत होता. पण त्याच्याकडे पाहिलं आणि शब्द मागे घेतले. तो थट्टा करत नव्हता. तो भ्यालेला होता. आपणच आपल्या औषधातलं काहीतरी काढून टाकलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी विचारलं, सोबत कोण आलंय? त्याने दाराकडे हात केला. बाहेर ओट्यावर त्याची बायको बसली होती. इतका वेळ उन्हात. आत सावली होती, बाकावर जागा होती, माठात पाणी होतं. आत का नाही आल्या, असं मी विचारलं, तर जॉबर म्हणाला, "तिच्या हातात हाय. साहेबानं आत न्हाई म्हटलंय ना, म्हनून तिला म्हटलं तू भाईरच बस."

मी खुर्चीतून उठले. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. आता ओरडणार असं वाटलं असेल त्यांना. मी उंबरा ओलांडून बाहेर ओट्यावर गेले. ती घाईघाईने उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि मूठ पाठीमागे लपवली. तिला मराठी फारसं येत नव्हतं. मी नुसता हात पुढे केला.

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याने मान हलवली. मग तिने मूठ उघडली आणि "तगोरी" म्हणाली, घ्या. एवढं कानडी मला येत होतं. माझ्या मागे बाकावर कुणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडला, बहुधा त्या खोकल्याच्या बाईने, आणि निकालाच्या पत्राने जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. माझ्या जिवात जीव आला. लिंबू तिच्या मुठीत राहून राहून कोमट झालं होतं. मी ते तसंच हातात धरून उभी राहिले.